पत्ता आधी, निबंध मग

वर्धा जिल्ह्यात सिंदी नावाची दोन गावं आहेत. एक सेलू तालुक्यातली सिंदी रेल्वे, तान्ह्या पोळ्यासाठी नावाजलेली. दुसरी आमची सिंदी मेघे, वर्धा शहराला अगदी लागून, सावंगी मेघे, बोरगाव मेघे, पिपरी मेघे यांच्या गोतावळ्यातली. माझी भाची इथंच सातवीत शिकते. गेल्या पावसाळ्यात तिनं आर्वीकडे राहणाऱ्या आजीला आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिलं आणि कोपऱ्यात आपला पत्ता घातला, ‘सिंदी, जि. वर्धा’. आजीनं तो जसाच्या तसा उतरवून उत्तर धाडलं. ते आधी सिंदी रेल्वेला पोचलं. तिथं कुणीतरी भल्या माणसानं निळ्या पेनानं ‘मेघे’ असं लिहून पुढं पाठवलं, तेव्हा कुठं अकराव्या दिवशी ते आमच्या दारात आलं.

भाची हिरमुसली. म्हणून तिला सेवाग्रामची गोष्ट सांगितली. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहायला गेले, त्याचं नाव तेव्हा सेगाव होतं. बुलडाणा जिल्ह्यातलं शेगाव आधीपासूनच प्रसिद्ध. या दोन नावांमुळे टपालाचा सारखा घोळ व्हायचा, आणि या खेड्यात तर जगभरातून पत्रं येत होती. शेवटी १९४० मध्ये गावाचं नावच बदललं, सेवाग्राम झालं. ‘म्हणजे बापूंची पत्रंपण भलतीकडे जायची?’ तिनं विचारलं, आणि लगेच नवं पोस्टकार्ड घेऊन बसली. यावेळी ‘मेघे’ हा शब्द तिनं अधोरेखित केला होता.

मी पंचवीसहून अधिक वर्षं सहावी ते आठवीच्या वर्गांना मराठी शिकवलं. निबंधाच्या वह्या किती तपासल्या त्याची मोजदाद नाही. पण त्या एका चुकलेल्या पत्रामुळे पोरीच्या जे ध्यानात आलं, ते माझ्या वर्गात फार थोड्यांच्या ध्यानात आलं असेल. लिहिलेलं कुणाकडे तरी जायचं असतं. ते पोचलं की नाही, हे कळतं. लेखनाचे प्रकार म्हणून आपण मुलांना जे शिकवतो, पत्र, बातमी, रोजनिशी, अर्ज, मुलाखत, गोष्ट, ते सगळे याच गरजेतून जन्मले. मूल निबंध लिहितं तेव्हा मात्र पलीकडे कुणीच नसतं. शिक्षक असतात, पण ते वाचायला नसतात, गुण द्यायला असतात. मूल हे बरोबर ओळखतं.

म्हणून पालकांना माझं पहिलं सांगणं असतं, मुलाला विषय देऊ नका, वाचणारा द्या. ‘पावसाळ्यावर दहा ओळी लिही’ म्हटलं की मोर नाचतो, धरती हिरवा शालू नेसते आणि शेतकरी राजा आनंदून जातो. हे सारं गाइडात छापलेलं असतं. त्याच मुलीला म्हणा, ‘पुण्याच्या दादाला कळव, इथं पाऊस कसा सुरू आहे.’ मग ती लिहिते की समोरच्या रिकाम्या प्लॉटमध्ये गुडघाभर पाणी साचलंय, रात्रभर बेडूक झोपू देत नाहीत आणि व्हॅनवाले काका गल्लीत न शिरता कोपऱ्यावरूनच हॉर्न देतात. पाऊस तोच. दुसऱ्या वेळी मात्र तिच्या डोळ्यांसमोर दादा होता.

हा विचार माझा नाही, आणि नवाही नाही. तो आमच्या घराजवळच मांडला गेला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. तिनं डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्या समितीनं सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी अभ्यासक्रमाचा आराखडा केला. नयी तालीम म्हणतात ती हीच. त्यात सूतकताई होती, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मातृभाषेबद्दल समितीच्या अहवालात काय म्हटलं आहे, ते फारसं कुणी वाचत नाही. मुलाला रोजच्या घडामोडी साध्या, स्वच्छ भाषेत लिहिता याव्यात. गावात एखाद्या सहकारी कामासाठी सभा झाली तर तिचा वृत्तान्त लिहिता यावा. खासगी पत्र आणि साधं कामकाजाचं पत्र लिहिता यावं. शब्दकोश आणि पुस्तकाची सूची वापरता यावी. सजावटीच्या निबंधाचा आग्रह नाही. आजही सातवीच्या मुलासाठी मला यापेक्षा चांगली यादी करता येणार नाही.

सुरुवात नोंदीपासून करावी, असं माझं मत आहे. बरेचजण गोष्टीपासून करतात आणि मूल दुसऱ्याच पानावर अडकतं. नोंदीला काही सुचावं लागत नाही, डोळे उघडे असले म्हणजे झालं. नळ किती वाजता आला, किती वेळ होता. भाजीबाजारात सांबाराची जुडी कितीला मिळाली. धामच्या पुलावरून पवनारला पाणी कुठवर दिसलं. गेटसमोर टिटवी उतरली होती की साळुंकी. पंधरा दिवस, रोज चार ओळी. वर तारीख आणि वेळ. ‘छान’, ‘सुंदर’, ‘मजा आली’ हे शब्द या वहीत वापरायचे नाहीत, एवढा एकच नियम ठेवा. नियम कडक वाटेल, पण आठवडाभरातच मूल ‘मजा आली’ऐवजी काय घडलं ते लिहू लागतं.

मुलाला महादेवभाई देसाईंबद्दल सांगा. १९१७ पासून १९४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते गांधीजींच्या सोबत होते आणि गांधीजी काय बोलले, कुणाला भेटले, काय लिहिलं याची नोंद ते डायरीत करत राहिले. वर्ध्यातल्या मगनवाडीत मुक्काम असताना ते रोज पायी सेवाग्रामला जात आणि परत येत. सेवाग्रामच्या आश्रमात त्यांची कुटी आहे, रविवारी मुलाला घेऊन जा. बापूकुटीत लोक रेंगाळतात, या कुटीपाशी कमी थांबतात. तुम्ही थांबा. एका माणसानं रोज लिहून ठेवलं, म्हणून आज इतकं कळतं, हे त्या जागी सांगितलेलं मुलाच्या लक्षात राहतं.

इथं एक जपायची गोष्ट. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला खासगी वहीही हवी असते. नोंदवही तुम्ही वाचू शकता, खासगी वही नाही. दोन वेगळ्या वह्या द्या, वेगळ्या रंगाच्या. खासगी वही उघडी पडलेली दिसली तरी मिटून ठेवा. माझ्या ओळखीतल्या एका घरी मुलीची अशी वही चार पाहुण्यांसमोर कौतुकानं वाचली गेली. वाचणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पण त्या मुलीनं त्यानंतर शाळेच्या अभ्यासापलीकडे एक ओळ लिहिली नाही, आणि आज ती पंचविशीत आहे.

पत्राबद्दल वर बोललेच. पोस्टकार्ड अजूनही ५० पैशांना मिळतं, आणि त्याची चिंचोळी जागा हाच मोठा गुरू आहे. काय गाळायचं ते मुलाला ठरवावं लागतं. मोठ्या मुलाला हेही सांगता येईल की २३ जुलै १९३९ ही तारीख आणि वर्ध्याचा पत्ता असलेलं एक छोटं पत्र गांधीजींनी हिटलरला लिहिलं होतं, युद्ध टाळा म्हणून. मायना मित्राला लिहावा तसा. ब्रिटिश सरकारनं ते पुढं जाऊ दिलं नाही. ऐकण्याची शक्यता नसलेल्या माणसाला, आवाज न चढवता, मोजक्या शब्दांत कसं लिहावं, यावर आठवीच्या मुलांशी तासभर बोलता येतं. मी बोलले आहे.

पण मुलाला लेखनाची ताकद खऱ्या अर्थानं कळते ती अर्जातून, आणि पालक हाच प्रकार सर्वांत कमी करवून घेतात. आमच्या गल्लीतला रस्त्यावरचा दिवा बंद पडला तेव्हा भाचीला म्हटलं, ग्रामपंचायतीला अर्ज तू लिही. पहिला मसुदा असा आला : ‘आमच्या भागात अनेक समस्या आहेत. रात्री अंधार असतो. नागरिकांना त्रास होतो. तरी आपण लक्ष द्यावे ही नम्र विनंती.’ शाळेत यालाच गुण मिळतात. मी तिला फक्त विचारत गेले. कुठला खांब? कधीपासून बंद? त्रास कुणाला, आणि नेमका काय? तुला काय करून हवंय? ती उठून बाहेर गेली आणि खांब पाहून आली. खांबाजवळ किराणा दुकान होतं, ते लिहिलं. तारीख आठवेना, तेव्हा नोंदवही उघडली, तिथं सापडली. दुसऱ्या मसुद्यात आलं की किराणा दुकानासमोरच्या खांबावरचा दिवा १२ जुलैपासून बंद आहे, शिकवणीहून संध्याकाळी साडेसातला परतणाऱ्या आम्ही सहा मुली त्या वळणावरून येतो, तिथं नालीवरची फरशी तुटली आहे आणि अंधारात ती दिसत नाही, म्हणून दिवा लवकर बदलून मिळावा. चार वाक्यं. ‘समस्या’ हा शब्द नाही, ‘त्रास’ नाही, आणि तरी वाचणाऱ्याच्या अंगावर शहारा येईल.

अर्ज घेऊन तिलाच जाऊ द्या, हवं तर तुम्ही दाराशी उभे राहा. दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची आणि दुसरीवर पोच घ्यायची, तारीख आणि शिक्का. भाचीनं ती शिक्का मारलेली प्रत वहीत चिकटवून ठेवली आहे. स्नेहसंमेलनात मिळालेलं वक्तृत्वाचं प्रमाणपत्र कुठं आहे, ते तिला आठवत नाही.

मुलाखत हा प्रकार विदर्भातल्या मुलानं तर अभिमानानं करावा. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या, त्या स्वामींच्या सहवासात राहिलेल्या माणसांना भेटून, विचारून. मराठीतला आद्य गद्य ग्रंथ मानलं जाणारं ‘लीळाचरित्र’ असं तयार झालं, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात. मराठी गद्याची सुरुवातच कुणाला तरी ‘तेव्हा काय झालं?’ असं विचारण्यापासून आहे, हे मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे लकाकतात.

मुलाखतीसाठी प्रसिद्ध माणूस शोधू नका. शेजारचे आबाजी पुरेत. आमच्या शेजारचे आबाजी तरुणपणी कापसाची बंडी घेऊन रातोरात वर्ध्याच्या बाजाराला यायचे. मुलं त्यांना विचारतात, ‘तुमचं बालपण कसं होतं?’ आणि आबाजी म्हणतात, ‘चांगलं होतं बापा.’ मुलाखत संपते. प्रश्न हाताला लागेल इतका लहान हवा. बंडीला कंदील कुठं टांगायचे? वाटेत झोप लागली तर बैल आपणहून रस्ता धरायचे का? बाजारात रांग मोठी असली तर जेवायचं काय? पैसे मिळाले की आधी काय विकत घ्यायचे? या एका शेवटच्या प्रश्नावर आबाजी वीस मिनिटं बोलले, आणि मध्येच थांबून डोळे पुसले. फोनवर आवाज टिपून घ्यायला हरकत नाही, पण त्यांना आधी विचारून. आणि हातात वही असूच द्या, कारण फोन चेहरा टिपत नाही. आबाजी कुठं थांबले, हे वहीतच राहतं.

मग प्रश्न येतो बोलीचा. आबाजी ‘वावर’ म्हणतात, ‘पऱ्हाटी’ म्हणतात, ‘कुटार’ म्हणतात, ‘मले’ आणि ‘तुले’ म्हणतात. मुलगा घरी हेच बोलतो, पण कागदावर ते ‘शेत’, ‘कपाशीचं झाड’, ‘भुसा’ होऊन येतं आणि आबाजी निघून जातात. आमच्याकडे कितीतरी मुलं लिहायला बिचकतात ती यामुळेच. बोललेलं अशुद्ध आहे, असं त्यांना लहानपणापासून ऐकवलेलं असतं. मी सांगते, आबाजींचं वाक्य अवतरणात, त्यांच्याच तोंडचं, एक कानाही न बदलता. तुझं निवेदन तुझ्या पुस्तकातल्या मराठीत. दोन्ही येऊ देत. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ कादंबरीतली माणसं १९६० सालीच वऱ्हाडीत बोलली आणि ती कादंबरी मराठी साहित्यात मानानं उभी आहे. मुलगा ‘मले’ लिहून आला तर हसू नका. ‘हे कोण बोलतंय?’ एवढंच विचारा. आजोबा बोलत असतील तर बरोबर आहे. मुख्याध्यापकांना लिहिलेला अर्ज असेल तर ‘मला’ करायला तो आपणच तयार होतो.

वाचणारा डोळ्यांसमोर ठेवण्याचा धडा स्वयंपाकघरातही मिळाला. कृती लिहिणं हा मुलांना सोपा वाटणारा आणि भल्याभल्यांना न जमणारा प्रकार. भाचीनं पाटवडीची कृती लिहिली, आईला पाहून पाहून. मग आम्ही एक खेळ केला. कागद तिच्या बाबांना दिला आणि सांगितलं, यात लिहिलंय तेवढंच करायचं, आपल्या मनानं काही नाही. तिनं बोलायचं नाही, नुसतं बघायचं. ‘बेसन घाला’ असं होतं. बाबांनी विचारलं, किती? ती ओठ दाबून उभी. ‘शिजवा.’ किती वेळ, झाकण ठेवून की न ठेवता? ‘ताटात थापा.’ त्यांनी थापलं. ताटाला आधी तेल लावायचं असतं हे तिनं लिहिलंच नव्हतं, कारण आई ते इतक्या सवयीनं करते की तिच्या डोळ्याला दिसलंच नाही. वड्या निघेनात, खरवडून खाल्ल्या. दुसऱ्या रविवारी तिनं कृती पुन्हा लिहिली. त्यात वाटीचं माप होतं, ‘उलथनं उभं राहील इतकं घट्ट’ असं होतं आणि तेलाचा हात तर दोनदा होता. तीच कृती पुण्याच्या दादाला पाठवायची ठरली, तेव्हा ‘वरून सांबार भुरभुरा’ या वाक्यावर ती अडली. पुण्यात सांबार म्हणजे इडलीसोबतचं. विचार करून तिनं लिहिलं, ‘सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर.’ तो ‘तुमची’ शब्द मला फार आवडला. वाचणारा कुठं राहतो याचं भान एका शब्दात आलं होतं.

ज्यांना स्वयंपाकात रस नाही त्यांनी दुसरं काही घ्यावं. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल कसा सजवायचा, सायकलची उतरलेली चेन कशी बसवायची, क्रिकेटमध्ये आपल्या गल्लीचे नियम कोणते. शेवटचा विषय मुलग्यांना दोन-दोन पानं लिहायला लावतो. मात्र कुणीतरी तो कागद हातात घेऊन प्रत्यक्ष करून पाहिलाच पाहिजे. नाहीतर त्याचाही निबंध होतो.

दुसऱ्यासाठी सोपं करून सांगणं, हा आणखी एक प्रकार वर्धेकरांच्या घरचा. विनोबांच्या आईला गीता समजून घ्यायची होती, पण संस्कृत येत नव्हतं आणि त्या वेळची मराठी भाषांतरं अवघड जात होती. तूच का लिहीत नाहीस, असं ती मुलाला म्हणाली. १९१८ साली ती गेली. विनोबांनी १९३० ते ३१ दरम्यान ‘गीताई’ पूर्ण केली. वाचणारी हयात नसतानाही तिच्यासाठीच लिहिलेलं पुस्तक, म्हणून त्याच्या नावातच आई आहे. गोपुरीला गीताई मंदिरात दगडांवर कोरलेली ती मुलांना दाखवावी. मग घरी यावं आणि विज्ञानाच्या पुस्तकातला एक धडा काढावा, वनस्पती अन्न कसं तयार करतात असा एखादा, आणि मुलाला म्हणावं, हे तिसरीतल्या भावाला कळेल असं एका पानात लिही. भाऊ वाचेल आणि जिथं कळलं नाही तिथं बोट ठेवेल. लहान भावाइतका कठोर संपादक मिळत नाही. या एका पानानं विज्ञानाचा अभ्यासही होतो, हे आईवडिलांच्या समाधानासाठी सांगून ठेवते. आपल्या भागातल्या मुलांच्या कानावर हिंदीही सतत असते. एखादी हिंदी गोष्ट मराठीत आणायला सांगा. शब्द तेच ठेवले तर वाक्य कसं अवघडतं, हे त्यांना आपोआप कळतं.

पटवून देणारं लेखन शिकवायला मी शहरपक्ष्याचं उदाहरण घेते. २०१८ साली वर्ध्यात शहराचा पक्षी निवडायला चक्क मतदान झालं आणि नीलपंख निवडून आला. मग आपल्या लेआऊटचा पक्षी कोणता, यावर मुलांत निवडणूक घ्या. प्रत्येकानं आपल्या उमेदवाराचं पत्रक लिहायचं. एक अट घाला. विरोधी पक्ष्याबद्दलचं एक खरं चांगलं वाक्य त्यात आलंच पाहिजे. टिटवीच्या बाजूनं लिहिणारा मुलगा साळुंकीचं कौतुक करायला लागला की त्याचा युक्तिवाद आपोआप धारदार होतो.

कविता आणि गोष्ट यांच्याबद्दल थोडंच सांगते. कवितेत यमकाचा हट्ट सोडा, आठ ओळींच्या वर जाऊ देऊ नका आणि स्पर्धेला पाठवायची घाई करू नका. गोष्टीसाठी खरी जागा घ्या आणि तिच्यात एकच खोटी वस्तू सोडा. उदाहरणार्थ, वर्धा स्टेशनवर रात्री एक अशी गाडी थांबते जिचं नाव फलकावर नाही. बाकी फलाट, चहावाला, सूचना देणारा आवाज, सगळं जसंच्या तसं. नोंदवहीची सवय झालेलं मूल इथं कमाल करतं, कारण खरं काय असतं ते त्यानं पाहून ठेवलेलं असतं.

हे सगळं एकत्र आणायला घरचं किंवा गल्लीचं हस्तलिखित काढावं. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ हातानं लिहून काढत. रोज. पुढं १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं दर रविवारी व्हायची, ती याच हातानं उतरवून घेतली आणि ‘गीता प्रवचने’ आपल्यापर्यंत आली. दैनिकाचा आग्रह नको, महिन्याला चार पानं खूप झाली. गल्लीतली बातमी, आबाजींची मुलाखत, एक कृती, एक कोडं, हरवलं-सापडलं. एकच प्रत, घरोघर फिरवायची, आणि शेवटचं पान कोरं, वाचणाऱ्यांनी लिहिण्यासाठी. बातमी लिहिताना मुलांना फार लवकर समजतं की ज्याच्याबद्दल लिहिलं तो माणूस संध्याकाळी भेटणार आहे, तेव्हा ऐकीव गोष्ट छापून चालणार नाही. बाहेर पाठवायचं असेल तर बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं, पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचं ‘छात्र प्रबोधन’ याच वयाच्या मुलांसाठी आहे. आधी अंक मागवा, मुलाला वर्षभर वाचू द्या, मग पाठवा.

आता तुमच्याबद्दल. मुलानं कागद हातात दिला की लाल पेन घेऊ नका. मीही अनेक वर्षं घेतलं आणि त्याचं मला वाईट वाटतं. पहिल्यांदा नुसतं वाचा, पूर्ण. मग दोन प्रश्न विचारा, खरोखर पडलेले. शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी, आणि एका वेळी एकाच प्रकारची चूक. या आठवड्यात शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ, एवढंच. पुढच्या आठवड्यात अनुस्वार. सगळ्या चुकांवर एकदम गोल केले तर मूल ज्यांचं लेखन येतं तेवढेच शब्द वापरतं, आणि भाषा आखडते.

फोनवर तयार निबंध मिळतात, आता तर विचारलं की यंत्र लिहूनही देतं. मुलावर चिडण्यात अर्थ नाही, विषयच तसा दिला असेल तर मूल दुसरं काय करील? किराणा दुकानासमोरची फरशी तुटली आहे हे फोनला माहीत नाही. तुमचा विषय तितका जवळचा ठेवा. आणि परीक्षेची काळजी करणाऱ्यांसाठी, दहावीच्या मराठीच्या पेपरात पत्र, बातमी, जाहिरात, सारांश, कथा हेही विचारतात. सातवीत ज्यानं खरा अर्ज लिहून पोच घेतली, त्याला तेव्हा मायना कुठं लिहायचा हे पाठ करावं लागत नाही.

एका महिन्यात एकच प्रकार घ्या. जून-जुलैत नोंद आणि पत्र, पोळ्याच्या सुमाराला कृती, दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर मुलाखत, हिवाळ्यात हस्तलिखित. एखादा प्रकार मुलाला मुळीच आवडला नाही तर सोडून द्या. माझ्या भाचीला कविता आवडत नाही, तिला अर्ज आवडतात. असू दे.

अकराव्या दिवशी आलेल्या त्या पत्रात आजीनं काय लिहिलं होतं, ते सांगायचं राहिलं. आजी जुन्या काळची पाचवी शिकलेली, अक्षरं टपोरी. बरं-वाईट काही नाही, आशीर्वादही अखेरीस. वर एकच ओळ होती, मांजर व्याली म्हणून लिहिलंस, पण पिल्लं किती ते लिहिलंच नाहीस. भाचीनं जे नवं पोस्टकार्ड घेतलं होतं, ते या उत्तराचं. पत्ता पूर्ण घातल्यावर तिनं मजकूर सुरू केला : ‘चार आहेत. तीन काबरी आणि एक पूर्ण पांढरं. पांढऱ्याचे डोळे उघडत नव्हते, आम्हाला वाटलं आंधळं आहे. परवा उघडले.’